उजव्या गाठीची हॅट

लोकांनी डोकी उघडी ठेवायला सुरुवात केली आणि आमच्या पोटावर पाय आला. हे सांगितलं की लोक हसतात. हसा म्हणावं. मुंबईत फोर्टमधल्या एका हॅटांच्या दुकानात मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. साहेब गेले, मग साहेबांची नक्कल करणारेही हळूहळू बोडके हिंडायला लागले, आणि शेवटी मालकाने दुकानाचं कुलूप माझ्यासमोरच लावलं. मेहुण्याची पालघरला स्टेशनजवळ लाँड्री होती. त्याला विश्वासाचा माणूस हवा होता आणि मला दोन वेळचं जेवण. साठ सालानंतर कधीतरी मी बायकोला घेऊन पालघरला आलो आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं.

लाँड्रीचं काम वाईट नसतं, फक्त संपत नाही. सकाळी कोळसे पेटवायचे, इस्त्रीत भरायचे, आणि उभं राहायचं ते संध्याकाळपर्यंत. तारापूरकडे वीजप्रकल्पाचं बांधकाम निघालं होतं. बोईसरला उतरणारी माणसं वाढली होती, सालवडला खोल्या घेऊन राहणारी मंडळी एसटीने कपड्यांची बोचकी घेऊन आमच्यापर्यंत यायची. बहुतेक टेरिलीनचे शर्ट. टेरिलीनला इस्त्री जरा जास्त लागली की संपलं, आणि मग गिऱ्हाईक हिंदीत भांडायचं. मी भांडत नसे. भांडायलाही अंगात काही शिल्लक लागतं. पायांच्या शिरा दोरासारख्या वर आल्या होत्या, कंबर रात्री वेगळी काढून ठेवता आली असती तर बरं झालं असतं.

तरीही हॅटांचा नाद सुटला नाही. जित्याची खोड. त्यातही मला वेड होतं ते इटलीच्या फेल्ट हॅटांचं. लोकरीची हॅट आणि सशाच्या केसांची हॅट यांतला फरक ज्याच्या बोटांना एकदा कळला, तो पुन्हा लोकरीकडे वळत नाही. इटलीची जुनी हॅट मुठीत चुरगळून सोडली तर आपणहून सरळ होते आणि आपल्याला काही झालंच नाही अशी बसून राहते. मला तिचा हेवा वाटायचा.

पालघरमध्ये इटलीच्या हॅटा कुठल्या, असं तुम्ही विचाराल. असतात हो. डहाणूकडच्या पारशी बागवाल्यांच्या बंगल्यांत असायच्या, जहाजावर नोकऱ्या करून आलेल्या किनाऱ्यावरच्या खलाशांच्या पेटाऱ्यांत असायच्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला मी सांगूनच ठेवलं होतं, की हॅट आली तर आधी मला दाखव. तिने एकदा आणलेल्या हॅटमध्ये कोंबडीने अंडी घातली होती, ती तिने तशीच मला दाखवली. शिरगावला किल्ल्यापलीकडच्या एका वाडीत तर मी बुजगावण्याच्या डोक्यावरून हॅट उतरवली आणि त्याला माझी छत्री देऊन आलो. छत्रीबद्दल बायको आठवडाभर बोलली नाही. मग बोलली ती एवढंच, की घरात डोकी दोन आणि टोप्या कपाटभर, त्याही अशा की दोघांपैकी कुणी घालत नाही.

ते खरंच होतं. मी हॅट कधीच घातली नाही. घालणाऱ्याचं डोकं वेगळं आणि ओळखणाऱ्याचं वेगळं.

ओळखायची म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हॅटच्या आत कपाळाला टेकणारी एक कातडी पट्टी असते. आम्ही तिला घामपट्टी म्हणायचो. त्या पट्टीवर कारखान्याचा सोनेरी छाप असतो. भेंडीबाजारात बनवून इटलीचा छाप मारलेल्या हॅटा ढिगाने मिळायच्या, त्यांचा छाप नखाने खरवडला की निघतो. खऱ्याचा निघत नाही, तो नुसता दमतो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी इटलीचा माल यायचा तो रुंद काठाचा, आत जाड रेशमी अस्तर. लढाईत इटली शत्रूच्या बाजूला गेल्यावर तो बंद झाला. लढाई संपून माल पुन्हा आला तेव्हा हॅटांचे काठ अरुंद झाले होते, अस्तर झिरझिरीत, आणि अस्तराच्या मधोमध असलेल्या छापावर प्लास्टिकचा एक पारदर्शक तुकडा शिवलेला. घाम आणि तेल लागून छाप खराब होऊ नये म्हणून. दुकानात पहिली पेटी उघडली तेव्हा मालक त्या प्लास्टिककडे बघून म्हणाले होते, गेले ते दिवस. म्हणून ते प्लास्टिक मी विसरूच शकत नाही.

आणखी एक. हॅटला पुढची आणि मागची बाजू असते. आपल्याकडे हे कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. आपली पांढरी टोपी कशीही घाला, पुढे टोक, मागे टोक. हॅटचं तसं नाही. बाहेरच्या रिबिनीची गाठ घालणाऱ्याच्या डाव्या कानावर यायला हवी. आत घामपट्टीची दोन टोकं शिवून जोडलेली असतात, तो सांधा मागे, मानेकडे. दुकानात नवखं गिऱ्हाईक हॅट उलटी घालून आरशासमोर उभं राहिलं की आम्ही हळूच फिरवून द्यायचो आणि हसू दाबायचो.

तर एका बाजाराच्या दिवशी चिंचणीचा एक मनुष्य दुकानात आला. पन्नाशीकडे झुकलेला, अंगावर धुतलेला सदरा, पण सुक्या मासळीचा वास काही लपत नव्हता. त्याच्या मागे एक बाई, डोक्यावरची पाटी उतरवून बाहेरच्या पायरीवर टेकलेली. मनुष्याने काखेतून कागदात गुंडाळलेली हॅट काढून माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

"बोहारीण म्हनाली, तुमी टोप्या वळखता," तो म्हणाला.

"थोड्याफार."

"मग ही कोनाची हाय ते सांगा."

मी हसलो असणार, कारण त्याचा चेहरा कडक झाला. "टोपी कसली आहे ते सांगतो मी, भाऊ. कोणाची ते कसं सांगू?"

त्याने मग सगळं सांगितलं. घाईत नाही, आणि मला वाटतं पहिल्यांदाही नाही. पायरीवर बसलेली बाई त्याची वहिनी. थोरला भाऊ लढाईच्या दिवसांत बोटीवर खलाशी म्हणून गेला. बोट बुडाली असं कळलं, माणूस बेपत्ता असं कळलं. प्रेत नाही, निरोप नाही. मागे तान्ही मुलगी. तेव्हापासून बाईने कुंकू पुसलं नव्हतं आणि घराने त्याच्या नावाने पाणी सोडलं नव्हतं. आता मुलगी बाविशीची झाली होती. बाप आहे की नाही ते सांगता येत नाही अशा घरातली मुलगी कोण करणार, म्हणून उशीर झालेला. शेवटी एक स्थळ जमलं होतं, वैशाखात लग्न ठरलं होतं. आणि नेमका तेव्हाच त्यांच्या वाडीतला एक खलाशी इटलीच्या बंदरातून ही हॅट घेऊन आला. तिथल्या एका खाणावळीत खुंटीला टांगलेली होती. म्हातारी मालकीण म्हणाली, तुमच्याच मुलखातला मनुष्य होता, किल्ल्याच्या गावाजवळचा, समुद्रकाठचा. इस्पितळात गेला तो परत आला नाही.

"भाऊ ना जित्यांत ना मेल्यांत," तो म्हणाला. "दरसाल पितरांची पानं वाढतो, त्याचं पान वाढायचं का नाय तेच कळत नाय. भटजी म्हनतात, दर्भाचा पुतळा करा, त्यावर त्याच्या अंगची एक वस्तू ठेवा आनि अग्नी द्या. त्याच्या अंगचं आमच्याकडं काय उरलंच नाय. ही त्याची असली तर लग्नाआधी त्याला मोकळा करतो. नाय तर पोरीच्या डोक्यावर ते वझं जाईल."

बाई पायरीवरूनच म्हणाली, "आनि मंग पोरीला हळद कोन लावनार, ते पन सांगा त्यांना."

दीर हॅटच्या कागदाची घडी घालू लागला. मला कुणी सांगायची गरज नव्हती. हळद सवाष्णीच लावतात. लग्नाआधी अग्नी दिला असता तर बाई मांडवात असून नसल्यासारखी झाली असती. आतल्या खोलीत, भिंतीला टेकून, मुलीची हळद कानांनी ऐकत. बावीस वर्षं एकटीने वाढवलेली मुलगी.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगतो. कंटाळा आला. एखाद्या दमलेल्या माणसापुढे अजून एक बोचकं टाकावं तसं वाटलं. माझा नाद म्हणजे माझा विसावा होता. त्यात कुणाचं मरण-जगणं आणून ठेवावं, हे मी कुठे मागितलं होतं? पण हॅट हातात घेतली आणि बोटं आपलं काम करू लागली. सशाच्या केसांची, तपकिरी, उन्हाने फिकी झालेली. खरी.

"ठेवून जा," मी म्हणालो. "बघून सांगतो."

जाताना बायकोने आतून कुंकवाचा करंडा आणला. घरी आलेल्या सवाष्णीला हळदकुंकू लावल्याशिवाय ती जाऊ देत नसे, मग ती ओळखीची असो, नसो. बाईने मान पुढे केली, कुंकू लावून घेतलं, आणि पाटी उचलली. दिराच्या मागून चालताना तिने एकदाही वळून बघितलं नाही, जणू हॅटकडे पाहिलं तर तिला उत्तर द्यावं लागेल.

दुपारी दुकान रिकामं असताना मी हॅट उघडली. घामपट्टी बाहेर वळवली. छाप खरा. काठ अरुंद. अस्तर झिरझिरीत, आणि मधोमध प्लास्टिकचा तो तुकडा, पिवळा पडलेला, कडेने तडकलेला.

मी त्या तुकड्यावरून दोनदा अंगठा फिरवला. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, लढाईनंतरची आहे. ती म्हणाली, मग तर सुटलात, बोट लढाईत बुडाली ना? ही त्याची नव्हेच. मीही तेच धरून चाललो होतो. बरं वाटलं मला. दुसऱ्याच कुणा खलाशाची हॅट, बाई हळद लावायला मोकळी, आणि मी माझ्या इस्त्रीकडे.

पण बोटांना कुठे गप्प बसवत होतं. हॅट घालताना माणूस तिचा वरचा उंच भाग पुढून चिमटीत धरतो. वर्षानुवर्षं धरली की तिथे अंगठ्याचा आणि दोन बोटांचा तेलकट काळा डाग पडतो. या हॅटला पुढे डाग नव्हता. डाग होता मागे. मग घामपट्टी पाहिली. कपाळाचा घाम मानेपेक्षा जास्त, म्हणून पट्टी पुढे काळी पडते. ही पट्टी सांध्याच्या बाजूला काळी पडली होती. ज्याची कुणाची ही हॅट होती, त्याने ती वर्षानुवर्षं उलटी घातली होती. रिबिनीची गाठ उजव्या कानावर ठेवून.

हा आपल्याकडचाच मनुष्य, हे मला कळलं. इटलीत इतकी वर्षं हॅट घालून कुणी ती सरळ करायला सांगितली नसेल असं होत नाही. सांगितली असणार, आणि याने ऐकलं नसणार. पण आपल्याकडचा म्हणजे तोच असं थोडंच आहे? उलटी हॅट घालणारे आपल्याकडे पैशाला पासरी.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाई एकटीच आली. बोंबील विकून झाले होते, पाटी रिकामी होती. बायकोने तिला आत बसवून चहा दिला. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि दाराशी बसलो. तिने कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढला. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला, कोपरे खाल्लेले. कोट घातलेला एक तरुण, अवघडून उभा, मागे रंगवलेला जिना. डोक्यावर हॅट.

हॅटची गाठ उजव्या कानावर होती.

"फोटोतली टोपी त्याची नाय," ती म्हणाली. "फोटोवाल्याची. फोटोवाला सारखा येऊन फिरवत व्हता. हा परत उलटी करायचा. मी तितंच व्हते, पोर पोटात. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या की फोटोवाले म्हनतात तशी. तर म्हनाला, गाठ उजव्या अंगाला पायजे, डावी गाठ मयताची. लई हट्टी." ती जराशी हसली. "जेवताना पन तसंच. पान जरा वाकडं मांडलं तर उठायचा."

मी फोटो हातात धरून बसलो होतो. तो सोडवेना.

"भाऊ," ती म्हणाली, "ही टोपी किती जुनी असंल?"

मला टाळता आलं असतं. पण मी आयुष्यात एवढं एकच शिकलो होतो, आणि तेही कुणी कधी विचारायला आलं नव्हतं. "लढाईनंतरची आहे, ताई," मी म्हणालो. "लढाईच्या आधी अशी बनत नव्हती."

"म्हंजे बोट बुडली त्याच्या मागनं घेतली."

"हो."

"आनि घातलेली हाय? नुसती ठेवलेली नाय?"

"बरीच वर्षं घातलेली आहे."

तिने उलटी का सरळ ते विचारलं नाही. हॅट टेबलावरच होती. ती उठली, जवळ गेली, आणि मागच्या काळ्या डागावर तिने आपला अंगठा आणि दोन बोटं ठेवली. उचलली नाही. नुसती ठेवली. मी तिला डागाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

बायकोने पदर तोंडाला लावला. बाई मात्र रडली नाही. मला वाटतं रडायला जी ताकद लागते ती तिने बावीस वर्षांत खर्चून टाकली होती. ती म्हणाली, "जगला म्हंजे. तिकडं जगला." आणि डागावरची बोटं काढून घेत, "इतकी वर्सं मी समुद्राला शिव्या दिल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईचा नव्हे, त्या माणसाचा राग. गाठ उजवीकडे हवी म्हणून हटून बसणाऱ्याला घरची वाट कशी सापडली नाही? एक पोस्टकार्ड नाही? मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तिकडं काय झालं त्याला, कोन सांगनार. जाऊ द्या." तिच्या आवाजात राग नव्हता, क्षमाही नव्हती. दिवसभर पाटी वाहून आलेल्या माणसाचा असतो तसा आवाज होता. तो मला चांगला ओळखीचा होता, आमच्या घरातही तोच असायचा.

"दिराला काय सांगनार?" तिने विचारलं.

"ते विचारतील तेवढंच."

तिने कुंकू लावून घेतलं आणि ती गेली.

चार-सहा दिवसांनी दीर आला. बाईही होती, या वेळी पायरीवर न बसता आत उभी. दिराने हॅटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आधीच बाई बोलली.

"त्याची नाय ही. त्याचं डोकं मोठं व्हतं. ही त्याला बसलीच नसती."

दीर गोंधळला. "वयनी, इतकं आठवतंय तुमाला?"

"नवऱ्याचं डोकं नाय आठवनार?"

त्याने मला विचारलं, "खरं का हो?"

दिराची मला दया आली. तो दुष्ट नव्हता. भावाच्या बायकोला आणि मुलीला त्याने बावीस वर्षं आपल्या ताटातलं दिलं होतं, आणि पितरांच्या पंगतीत भावासाठी पान मांडावं एवढीच त्याची मागणी होती. मी म्हणालो, "हॅटवर माणसाचं नाव नसतं, भाऊ. हॅट कुठली ते मी सांगतो, खरी इटलीची आहे. कोणाची ते घरच्यांनीच सांगायचं."

हे शब्दाशब्दाने खरं होतं. तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "परक्याची टोपी घरात नको. तुमच्याकडंच ठेवा. तुमी जमवता ना?"

मी ठेवली. माझ्या कपाटात तिच्या तोडीची दुसरी नव्हती, आणि माझा जीव तिच्यात अडकला हेही मी लपवत नाही. फक्त एक केलं नाही. माझी रीत अशी, की आलेली प्रत्येक हॅट किटलीच्या वाफेवर धरायची, डाग उतरवायचे, लाकडी ठोकळ्यावर चढवून आकार नीट करायचा. या हॅटला मी वाफ दाखवली नाही. ब्रशसुद्धा लावला नाही. बायकोने एकदा विचारलं, ही का ठेवलीत तशीच मळकी? मी म्हणालो, असू दे.

वैशाखात लग्नाचं बोलावणं आलं. मी जायला तयार नव्हतो. उन्हाळ्यात लग्नसराईची धुलाई इतकी असते की माणसाला शिंकायला फुरसत नाही. बायकोने ऐकलं नाही. हळदीच्या दिवशी आम्ही एसटीने चिंचणीला गेलो. मांडवात ताडाच्या झावळ्या, बाहेर वाळत घातलेली जाळी बाजूला सारून पंगतीची जागा केलेली. बायका गात होत्या. बाई हिरवं लुगडं नेसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने मुलीच्या गालांना, हातांना, पावलांना हळद लावली. घाई केली नाही. पुढच्या बायका खोळंबल्या तरी तिने मुलीच्या पायाच्या एकेका बोटाला हळद लावली. एक म्हातारी म्हणाली, "अगं पुरे, पोर पिवळी झाली." बाई म्हणाली, "होऊ दे."

दीर मांडवाच्या खांबाला टेकून ते बघत होता. त्याने मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर बाई बाजाराला यायची, दुकानावरून जायची, कधी मूठभर सुकट बायकोच्या हातावर ठेवायची. बायको करंडा घेऊन यायची. हॅटचा विषय कुणी काढला नाही. मुलगी सासरी नांदतेय, जावई प्रकल्पावर कामाला लागलाय, एवढं कळायचं. मला वाटलं हे असंच राहणार, आणि खरं सांगायचं तर राहिलं असतं तर मला हवंच होतं.

भाद्रपदात, पितृपक्ष लागला त्या आठवड्यात, ती आली. पाटी रिकामीच होती. सकाळची वेळ, ती विकायला निघालेली नव्हती हे उघड होतं. मी वर पाहिलं आणि इस्त्री हातातच राहिली.

तिचं कपाळ मोकळं होतं. गळ्यात काही नव्हतं.

"टोपी द्या, भाऊ," ती म्हणाली. "आमच्या मानसाची."

मी आत जाऊन कपाट उघडलं. हॅट होती तशीच होती. ती तिने दोन्ही हातांनी घेतली.

"दिरांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हनलं, तवा डोकं मोठं म्हनले ते चुकलं. डोकं तेवडंच व्हतं." तिने हॅट पोटाशी धरली. "त्यांनी काय विचारलं नाय. पुतळा करायला दर्भ आनायला गेलेत."

मला काहीतरी बोलायचं होतं. कुंकू ठेवायचं होतंत, कपाळ पुसायची घाई काय, तो तिकडे जगला तेव्हा तुमचा विचार केला का त्याने, असलं सगळं तोंडाशी आलं. पण हे सगळं तिने माझ्या आधी आणि माझ्याहून जास्त वेळा बोलून घेतलं असणार.

"पोरीची हळद माजी व्हती," ती म्हणाली. "ती झाली. आता त्याचं त्याला देते."

बोलण्याचा आवाज ऐकून बायको नेहमीप्रमाणे आतून करंडा घेऊन आली. दारात आली, तिच्या कपाळाकडे पाहिलं, आणि बोट कुंकवात बुडवलेलं तसंच राहिलं.

"ऱ्हाऊ द्या, ताई," बाई म्हणाली.

तिने पाटीत एक धुतलेलं फडकं अंथरलं, त्यावर हॅट ठेवली. ठेवली तेव्हा गाठ डावीकडे होती. तिने ती फिरवून उजवीकडे केली, वरून फडक्याचं टोक घातलं, पाटी डोक्यावर घेतली आणि एसटी स्टँडकडे चालायला लागली.